एएस/४०० वर पीटीएफ टाकताना इमेजेसचा क्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर तिमाहीला पॅचिंगचा, म्हणजे सर्व्हरवर पीटीएफ (आयबीएमचे फिक्स) टाकायचा, शनिवार जवळ आला की टीममधली नवीन पोरंपोरी तेच आठ-दहा प्रश्न विचारतात, आणि रात्री दीडला फोनवर कमांडी सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं म्हणून हे. कमांडींची नावं मी फोनवर सांगतो तशीच लिहिलीयत, स्टार यस, स्टार पीटीएफ वगैरे (स्टार म्हणजे * हे चिन्ह). आखूड रूप आठवत नसेल तर वर्क विथ इमेज कॅटलॉग उघडा, तिथून बहुतेक सगळं ऑप्शननं होतं.

हे नेमकं कुठल्या सर्व्हरबद्दल आहे?

आयबीएमच्या मिडरेंज मशीनबद्दल. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टरला तयार झालेलं आणि जून १९८८ मध्ये एएस/४०० नावानं जाहीर झालेलं. मग नाव बदलत गेलं, आयसिरीज झालं, सिस्टम आय झालं, आता मशीनला पॉवर म्हणतात आणि ऑपरेटिंग सिस्टमला आयबीएम आय. पण पुण्यात नाइट शिफ्टला बसून अमेरिकेतल्या कंपन्यांची मशीनं सांभाळणारी आम्ही लोकं अजून एएस फोर हंड्रेडच म्हणतो, आणि क्लायंटपण तेच म्हणतो, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. खाली लिहिलेलं साधारण ७.३, ७.४, ७.५ या व्हर्जनवर केलेल्या कामावरून आहे.

पीटीएफ, क्युम, ग्रुप, हायपर हे सगळं एकच का?

नाही. पीटीएफ म्हणजे एक सुटा फिक्स, नावात टेम्पररी आहे पण एकदा आला की कायमचाच राहतो बहुतेक. क्युम म्हणजे क्युम्युलेटिव्ह पॅकेज, आजवरच्या बऱ्याचशा फिक्सचं मोठं गाठोडं. ग्रुप म्हणजे एका विषयाचे फिक्स एकत्र, डेटाबेसचा वेगळा, सिक्युरिटीचा वेगळा, जावाचा वेगळा. हायपर हा पण ग्रुपच, पण ज्या चुका मशीनच आडवं करू शकतात किंवा डेटा बिघडवू शकतात त्यांचे फिक्स त्यात असतात, म्हणून तो कधी चुकवायचा नाही. ग्रुपचे नंबर एसएफ९९ नं सुरू होतात. ७.४ चं सांगायचं तर क्युम एसएफ९९७४०, हायपर एसएफ९९७३९, सिक्युरिटी एसएफ९९७३८, टेक्नॉलॉजी रिफ्रेश (नव्या सुविधांचा ग्रुप) एसएफ९९७३७ आणि डेटाबेसचा एसएफ९९७०४. ७.३ ला हेच ९९७३०, ९९७२९, ९९७२८, ९९७२७ आणि ९९७०३. दोन-तीन वेळा ऑर्डर टाकली की तोंडपाठ होतात.

क्युमची तारीख वाचायची पद्धत जरा गमतीची आहे. डिस्प्ले पीटीएफमध्ये ऑपरेटिंग सिस्टमचं प्रॉडक्ट उघडलं की यादीत टीसीनं सुरू होणारा नंबर दिसतो, पुढचे दोन आकडे सालाचे आणि नंतरचे तीन वर्षातल्या दिवसाचे. म्हणजे १९३०४ असेल तर २०१९ सालचा ३०४ वा दिवस, म्हणजे ३१ ऑक्टोबर. नवीन माणूस याला हमखास महिना-तारीख समजून वाचतो आणि मग ३० वा महिना कुठून आला म्हणून विचारत बसतो.

इमेज म्हणजे काय आणि इमेज कॅटलॉग कशाला?

पूर्वी फिक्स टेपवर आणि मग सीडीवर यायचे, पाकीट फोडायचं, मशीन रूममध्ये जायचं, एकेक सीडी घालायची, मशीन पुढची मागेल तेव्हा काढून दुसरी घालायची. इमेज म्हणजे त्याच सीडीची फाइल, आता फिक्स सेंट्रल या आयबीएमच्या साइटवरून उतरवतो ती. कॅटलॉग म्हणजे त्या फाइलींची क्रमवार यादी, आणि व्हर्च्युअल ऑप्टिकल डिव्हाइस म्हणजे जो खरा नाही असा सीडी ड्राइव्ह, आमच्याकडे त्याचं नाव ऑप्टव्हीआरटी०१ असतं. म्हणजे सीडी बदलायला जो ऑपरेटर लागायचा त्याची जागा कॅटलॉगनं घेतली. एका कॅटलॉगमध्ये जास्तीत जास्त २५६ इमेजेस बसतात, तिमाहीच्या पॅचिंगला तेवढ्या लागत नाहीत.

क्रमाला एवढं महत्त्व का? सगळं शेवटी लोडच होणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचं अगदीच चुकत नाही. फिक्स कुठल्या फिक्सवर अवलंबून आहे हे मशीनला कळतं, प्रीरिक्विझिट, कोरिक्विझिट सगळं पीटीएफच्या आतच लिहिलेलं असतं, जुना फिक्स नव्याने गिळलेला असेल तर तेही त्याला समजतं. मग क्रम कुठे लागतो? तर वाचण्याच्या पातळीवर. संच म्हणजे एकत्र आलेल्या इमेजेस, त्यातली प्रत्येक एक व्हॉल्युम; एक संच पाच व्हॉल्युमचा असेल तर मशीन पहिल्यापासून वाचायला लागतं आणि पहिला संपला की दुसरा मागतं. मागताना ते कॅटलॉगमधली पुढची इमेज पुढे ओढतं, आणि तिथे दुसऱ्या संचाचा चौथा भाग बसलेला असेल तर गाडी तिथेच अडकते.

म्हणजे क्रमाचे मजले तीन. एका संचातले व्हॉल्युम एकामागोमाग हवेत. मग संच कुठला आधी कुठला नंतर. आणि त्याच्या वरचा मजला म्हणजे काही फिक्स बसून आयपीएल (म्हणजे मशीनचं रीस्टार्ट) झाल्याशिवाय बाकीचे बसतच नाहीत, तो वेगळा विषय, खाली येतो. लोक तिन्हींची खिचडी करतात आणि मग सॉर्ट केलं तरी दोनदा आयपीएल का मागतंय म्हणून वैतागतात.

फाइलच्या नावावरून मीच क्रम लावला तर?

नका लावू. मी लावलाय.

झालं असं की एका क्लायंटकडे चार पार्टिशन (एकाच मशीनचे स्वतंत्र चालणारे भाग) होते आणि प्रत्येकावर फाइली चढवायला नकोत म्हणून आम्ही सगळ्या इमेजेस एका लिनक्स सर्व्हरवर ठेवून नेटवर्कवरून द्यायचं ठरवलं. मूळ नावं मला अगम्य वाटत होती म्हणून मी हौसेनं सगळ्यांना नवीन नावं दिली, पीटीएफ१, पीटीएफ२ असं करत पीटीएफ१४ पर्यंत, क्रमसुद्धा बरोबर लावला होता, अभिमानच वाटला. मग यादीची फाइल करायला डिरेक्टरीचं लिस्टिंग सरळ त्या फाइलीत ओतलं. लिनक्सनं अक्षरांच्या हिशेबानं यादी दिली, म्हणजे १ नंतर १०, मग ११, १२, १३, १४ आणि मग कुठे २. मी फाइल उघडून बघितलीसुद्धा होती हो, वरची ओळ १ आणि शेवटची ९, ९ कशी काय शेवटी हे डोक्यातच आलं नाही. रात्री पावणेदोनला इन्स्टॉल थांबलं, क्यूसिसऑपरमध्ये, म्हणजे ऑपरेटरच्या मेसेजच्या रांगेत, चुकीचा व्हॉल्युम असल्याचा मेसेज, क्लायंटचा माणूस कॉन्फरन्स कॉलच्या ब्रिजवर गप्प बसून श्वास घेतोय तेवढा ऐकू येतोय. रद्द केलं, यादी हातानं सरळ केली, पुन्हा पहिल्यापासून. नुकसान फक्त पाऊण तासाचं झालं पण तो पाऊण तास मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी फाइलींची नावं बदलत नाही. सॉर्ट करणारी कमांड फाइलीचं नाव बघतच नाही, इमेजच्या आत कुठला संच आणि कितवा व्हॉल्युम हे लिहिलेलं असतं ते वाचते, त्यामुळे नाव कितीही विचित्र असलं तरी तिला फरक पडत नाही. नाव छान करणं हे फक्त आपल्या डोळ्यांसाठी, आणि आपलेच डोळे फसतात.

मग क्रम लावायचा कसा? स्टेप्स सांगा.

आधी जागा बघा, वर्क विथ सिस्टम स्टेटसमध्ये सिस्टम एएसपी, म्हणजे मुख्य डिस्कचा साठा, किती भरलाय ते. थ्रेशोल्ड, म्हणजे इशाऱ्याची मर्यादा, मूळचा ९० टक्के असतो आणि क्युमच्या इमेजेस काही जीबी खातात, वर फिक्स लोड झाल्यावर अजून जागा लागते, त्यामुळे ८५ च्या वर असेल तर मी आधी साफसफाई करतो.

मग फाइली मशीनवर आणा. एफटीपीनं आणत असाल तर बायनरी मोड लावा, लावलाय का ते पुन्हा बघा, आणि नेमफॉरमॅट १ करा नाहीतर फाइल आयएफएसमध्ये, म्हणजे मशीनवरच्या फोल्डरांत, जाणारच नाही. बायनरी विसरलात तर फाइल येते, आकारही साधारण ठीक वाटतो, पण इमेज म्हणून कॅटलॉगमध्ये जाताना मशीन ओळख दाखवत नाही. चार तास डाउनलोड करून हे कळलं की डोक्याला हात.

नंतर क्रिएट इमेज कॅटलॉग, डिरेक्टरी द्या. मग एकेक फाइल ॲड इमेज कॅटलॉग एंट्रीनं घाला. फाइली कॅटलॉगच्याच डिरेक्टरीत असतील तर कॉपी होत नाहीत, जागच्या जागी जोडल्या जातात, म्हणून मी त्या तिथेच उतरवतो. ॲड करताना इंडेक्स नंबर देता येतो, पण देत बसू नका, कुठल्याही क्रमानं घाला.

डिव्हाइस नसेल तर क्रिएट डिव्हाइस ऑप्टिकल, रिसोर्स नेम स्टार व्हीआरटी, मग व्हॅरी ऑन. मग लोड इमेज कॅटलॉग, कॅटलॉगचं नाव आणि ऑप्टव्हीआरटी०१. आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ती कमांड, व्हेरिफाय इमेज कॅटलॉग, टाइप स्टार पीटीएफ, सॉर्ट स्टार यस. कॅटलॉग लोड केलेला नसेल तर ही कमांड चालत नाही, आधी लोड मग व्हेरिफाय, हा क्रमही लोक उलटा करतात.

सॉर्ट झाल्यावर डोळ्यांनी काय बघायचं?

वर्क विथ इमेज कॅटलॉग एंट्रीज उघडा. डावीकडे इंडेक्स, शेजारी स्टेटस, पुढे फाइलीचं नाव. इंडेक्स १ समोर माउंटेड दिसलं पाहिजे आणि बाकी सगळ्यांसमोर लोडेड. एखाद्यासमोर अनलोडेड दिसत असेल तर ती इमेज मशीन वाचणारच नाही, तिला ऑप्शन ८ नं लोड करा आणि पुन्हा व्हेरिफाय मारा. नुसतं लोड करून पुढे जाऊ नका.

मग मी कागदावर किंवा नोटपॅडमध्ये फिक्स सेंट्रलच्या ऑर्डरमधल्या फाइलींची संख्या आणि इथल्या एंट्रींची संख्या ताडून बघतो. साधं काम आहे, अर्धा मिनिट लागतो. एकदा डाउनलोडमध्ये शेवटची फाइल राहून गेली होती ती इथेच सापडली.

व्हेरिफाय फेल झालं तर?

बहुतेक वेळा कारण साधं असतं, संच अपुरा आहे. तीन व्हॉल्युमपैकी दोनच आलेत. मेसेजवर एफ१ दाबून खालचा मजकूर वाचा, तिथे बरंच काही सांगितलेलं असतं आणि लोक वाचत नाहीत. दुसरं कारण म्हणजे मागच्या तिमाहीच्या इमेजेस त्याच कॅटलॉगमध्ये पडून राहिल्यात आणि आता जुना हायपर आणि नवा हायपर शेजारी शेजारी बसलेत. म्हणून दर वेळी नवीन कॅटलॉग, नवीन डिरेक्टरी, नावात साल आणि महिना. जागा वाचवायला जुन्यात भर घालणं म्हणजे फ्रिजमध्ये परवाच्या भाजीवर आजची भाजी ओतणं.

व्हेरिफाय फेल असताना गो पीटीएफ (फिक्स टाकायचा मेनू) चालू करून बघू, होईल कदाचित, असं म्हणणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. त्याला चहाला पाठवा.

क्युम आधी की हायपर आधी की डेटाबेस आधी?

एकाच कॅटलॉगमध्ये सगळे घालून सॉर्ट केलं असेल तर हा प्रश्न तुमचा उरत नाही. वेगवेगळे कॅटलॉग केले असतील किंवा खऱ्या डीव्हीडी असतील तर मी क्युम आधी लावतो, मग बाकीचे ग्रुप. पण सगळे एकाच गो पीटीएफच्या फेरीत लोड करा आणि मग एकच आयपीएल घ्या, क्युम टाकून आयपीएल, मग हायपर टाकून आयपीएल, असं तुकड्यातुकड्यानं करू नका. सगळं एकत्र लोड झालं की कोण कुणावर अवलंबून हे मशीन एकदम सोडवतं. क्युमची ऑर्डर टाकली की हायपर आणि डेटाबेसचा ग्रुप बरेचदा सोबत येतातच, त्यामुळे वेगळे मागवण्याआधी काय काय आलंय ते बघा नाहीतर तेच दोनदा उतरवाल.

गो पीटीएफ ऑप्शन ८ मध्ये प्रॉम्प्ट फॉर मीडिया काय द्यायचं?

१ म्हणजे एकच संच, २ म्हणजे एकापेक्षा जास्त संच, ३ म्हणजे जास्त संच आणि शिवाय सर्व्हिस म्हणून मशीनवर आधीच आलेले सुटे फिक्स. क्युमसोबत वेगळे ग्रुप मागवले असतील तर २. त्यात एक संच वाचून झाला की मशीन विचारतं अजून संच आहे का, आहे म्हणून सांगा म्हणजे पुढचा घेईल, सगळे संपले की नाही म्हणा. इथेच झोपेत नाही दाबलं की फक्त पहिला संच लोड होतो, आणि सकाळी ग्रुपची यादी बघितल्यावर अर्धे ग्रुप जुन्याच लेव्हलला दिसतात. म्हणून मी संचांची संख्या आधीच लिहून ठेवतो, चार असतील तर चार वेळा मोजायचं.

त्याच स्क्रीनवर डिव्हाइसमध्ये ऑप्टव्हीआरटी०१, ऑटोमॅटिक आयपीएल एन, आणि अदर ऑप्शन्सला वाय. अदर ऑप्शन्समध्ये अप्लाय टाइप १, म्हणजे सगळे डिलेड.

लोक काम करत असताना लोड केलं तर चालतं का?

अप्लाय टाइप १ आणि ऑटोमॅटिक आयपीएल एन असेल तर फिक्स नुसते लोड होतात, लागू आयपीएलला होतात. त्यामुळे मी शनिवारी संध्याकाळीच लोड करून ठेवतो आणि रात्री विंडो (क्लायंटनं कामासाठी दिलेली वेळ) उघडली की फक्त आयपीएल. मशीन थोडं मंद वाटू शकतं. ज्यांचा महिन्याचा हिशेब चालू आहे त्यांच्या डोक्यावर बसून हे करू नका, एवढंच.

एलआयसीचे फिक्स वेगळे का म्हणतात?

आधी खुलासा, इथे एलआयसी म्हणजे लायसन्स्ड इंटर्नल कोड, ऑपरेटिंग सिस्टमच्याही खालचा थर. माझ्या आईला अनेक वर्षं वाटायचं की मुलगा विमा कंपनीत रात्रपाळी करतो, कारण फोनवर सारखं एलआयसी एलआयसी.

याच्या मशीनवर दोन प्रती असतात, ए साइड आणि बी साइड. ए ही पक्की प्रत, बी वर तात्पुरते लावलेले फिक्स. नवीन फिक्स घालताना मशीन बी साइडवरून चालू असलं पाहिजे. डिस्प्ले पीटीएफच्या स्क्रीनवर आयपीएल सोर्स म्हणून ओळ असते, तिथे शेवटी बी हवा. ए दिसत असेल तर थांबा, कुणीतरी कधीतरी काही तपासायला ए वरून आयपीएल घेतला होता आणि परत आणलाच नाही. आधी बी वर आणा मग बाकीचं. हे न बघता पुढे गेलात तर इमेजेसचा क्रम कितीही सरळ असला तरी एलआयसीचे फिक्स लागायचे नाहीत.

मोठं क्युम घालण्याआधी मी एलआयसीचे जुने तात्पुरते फिक्स पक्के करून घेतो, महिनाभर त्यांच्याविषयी कुणाची तक्रार नसेल तरच. पक्के केले की मागे फिरता येत नाही हे लक्षात असू द्या.

एलआयसीच्या फिक्सचा नंबर एमएफनं सुरू होतो, वरच्या थरांचा एसआयनं, अलीकडचे एसजे पण दिसतात. यादी वाचताना एवढ्यावरून कळतं कुठला मजला आहे.

एकदा सॉर्ट केलं, मग दोनदा आयपीएल का?

हाच तो वरचा मजला. काही फिक्स असे असतात की त्यांच्या आधीचा एक फिक्स आयपीएल होऊन लागलेला असेल तरच ते बसतात. टेक्नॉलॉजी रिफ्रेशच्या वेळी हे जास्त होतं, आणि मशीन बरेच महिने पॅच न करता पडलेलं असेल तर जवळजवळ नक्कीच. याला कॅटलॉगचा क्रम काही करू शकत नाही, इमेजेस बरोबर ओळीत असल्या तरी मधे एक आयपीएल लागणारच. म्हणून विंडो मागताना नेहमी दोन आयपीएलची मागा. क्लायंट कुरकुर करेल, करू द्या. एक तासाची विंडो मागून अडीच तास घेतले तर पुढच्या तिमाहीला तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो, तीन तास मागून दोनात दिलं तर तोच माणूस थँक्यू म्हणतो.

यासाठी आधी काय वाचायचं तर क्युमसोबत आलेल्या स्पेशल इन्स्ट्रक्शन्स आणि कव्हर लेटर. कंटाळवाणं वाचन आहे, मान्य. पण आधी हा अमुक फिक्स लावा असं काही असेल तर ते तिथेच असतं.

चार-पाच पार्टिशनना एकाच जागेवरून इमेजेस देता येतात का?

येतात, एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याच्या सोयीतून. इमेजेस एका जागी, आणि त्या डिरेक्टरीत व्हॉल्युम लिस्ट नावाची साधी मजकुराची फाइल, एका ओळीत एका इमेजचं नाव, वरून खाली हाच क्रम. माझी फजिती वर वाचलीत ती याच फाइलीची. आता मी काय करतो, तर एका आयबीएम आय पार्टिशनवर कॅटलॉग बनवतो, तिथे व्हेरिफाय चालवताना सॉर्ट स्टार यस आणि एनएफएस शेअर स्टार यस देतो, मशीन स्वतःच व्हॉल्युम लिस्ट लिहून देतं. लिनक्सवरून द्यायचं असेल तरी तीच फाइल तिकडे नेतो. घेणाऱ्या पार्टिशनवर व्हर्च्युअल डिव्हाइस बनवताना समोरच्या सर्व्हरचा पत्ता आणि डिरेक्टरी द्यावी लागते, आणि सर्व्हिस टूल्सचं लॅन ॲडॉप्टर आधी जुळवलेलं असावं लागतं, या शेवटच्या गोष्टीत पहिल्या वेळी अर्धा दिवस जातो, त्यामुळे हे पॅचिंगच्या रात्री पहिल्यांदा करून बघू नका.

लिनक्सवर फाइलींच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. यादीत मोठं आणि डिस्कवर लहान असेल तर मशीन म्हणणार फाइलच नाही.

व्हीआयओएसच्या (पार्टिशनना डिस्क, ड्राइव्ह वाटून देणारं पार्टिशन) व्हर्च्युअल ड्राइव्हमधून देतोय, तिथे सॉर्ट कसं करू?

तिथे सॉर्ट नाही. मीडिया रिपॉझिटरीतून एका ड्राइव्हमध्ये एका वेळी एकच इमेज लागते, ती संपली की मशीन पुढची मागतं आणि तुम्ही हातानं बदलायची. म्हणजे परत सीडीचे दिवस, फक्त मशीन रूमपर्यंत चालत जावं लागत नाही. जमेल तिथे इमेजेस सरळ पार्टिशनच्या आयएफएसवर आणा आणि कॅटलॉग करा.

अपग्रेडच्या इमेजेस याच कॅटलॉगमध्ये चालतील?

नको. नवीन रिलीजच्या इमेजेसचा वेगळा कॅटलॉग, आणि तिथे व्हेरिफाय करताना टाइप स्टार अपग्रेड. त्यात एलआयसीचा व्हॉल्युम पहिला, आय बेस ०१ नावाचा, आणि त्यामागे ऑपरेटिंग सिस्टम आणि बाकीची प्रॉडक्ट्स. पीटीएफचा टाइप देऊन अपग्रेडचा कॅटलॉग सॉर्ट करायला गेलेला माणूस मी बघितलाय, तो मी नव्हतो यावेळी.

एचएमसी (सर्व्हर सांभाळायचा वेगळा कन्सोल) आणि फर्मवेअरपण त्याच रात्री आहे, मग आधी काय?

वरून खाली. आधी एचएमसी, कारण तिची लेव्हल फर्मवेअरला पेलणारी असावी लागते, मग सर्व्हरचं फर्मवेअर, मग व्हीआयओएस असेल तर ते, मग पार्टिशन. जमलं तर एचएमसी आदल्या आठवड्यातच उरकून घ्या, तिच्या रीबूटनं चालू पार्टिशनना काही होत नाही.

सगळं बसलं हे कसं कळणार?

आयपीएल झाला, साइन ऑन स्क्रीन आली, म्हणजे झालं असं नाही. गो लायसन्स्ड प्रोग्रॅम, ऑप्शन ५०, तिथे लॉगमधले मेसेज वाचा. मग वर्क विथ पीटीएफ ग्रुप, तिथे प्रत्येक ग्रुपची लेव्हल आणि समोर इन्स्टॉल्ड आहे का बघा. नॉट इन्स्टॉल्ड असेल तर ऑप्शन देऊन आत जा, कुठला फिक्स राहिलाय ते दिसतं. ॲप्लाय ॲट नेक्स्ट आयपीएल दिसत असेल तर तो दुसरा आयपीएल बाकी आहे, घाबरू नका.

ज्यांना एसक्यूएल येतं त्यांनी सिसटूल्समधला ग्रुप पीटीएफ करन्सी हा व्ह्यू बघावा, आपल्या मशीनची लेव्हल आणि आयबीएमची ताजी लेव्हल शेजारी शेजारी दाखवतो. मशीनला बाहेरचं इंटरनेट लागतं त्यासाठी, आणि बँकांच्या मशीनना ते सहसा नसतं, तिथे आपला नोटपॅड.

कॅटलॉग कधी पुसायचा?

दोन्ही आयपीएल होऊन, ग्रुपची यादी हिरवी... म्हणजे सगळी स्क्रीनच हिरवी असते आमची, पण सगळे ग्रुप इन्स्टॉल्ड दिसल्यावर आणि सोमवारी दुपारपर्यंत फोन न आल्यावर. डिलीट इमेज कॅटलॉग, कीप स्टार नो दिलं की आतल्या फाइलीपण जातात. नो द्यायला विसरलात तर यादी जाते आणि फाइली तशाच पडून राहतात, आणि वर्षभरानं डिस्क का भरली म्हणून शोधाशोध करताना मागच्या चार क्युम पडलेल्या सापडतात. आमच्याकडे गेल्या वर्षी असे साठ-सत्तर जीबी सापडले होते, कॅटलॉगच्या नावात माझीच आद्याक्षरं.